खासगी कंपन्या संशोधन करतातच, मग सरकारी संशोधन संस्था कशाला हव्यात?

कारण कंपनीला परतावा चार-पाच वर्षांत दिसावा लागतो, आणि ज्ञान तेवढ्या घाईत पिकत नाही. वर्ल्ड वाइड वेबचंच बघा. 1989 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत त्याचा प्रस्ताव मांडला. गरज साधी होती: शास्त्रज्ञांची माहिती वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली होती, ती जोडायची. 30 एप्रिल 1993 ला सर्नने ते तंत्रज्ञान सगळ्यांना फुकट खुलं केलं. एखाद्या कंपनीने तिथे तिकीटखिडकी उघडली असती, असं मला तरी वाटतं!

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेची गोष्ट उलटी. रेडिओ खगोलशास्त्रात मुरलेल्या तिथल्या मंडळींनी 1990 च्या दशकात वेगवान वायरलेस नेटवर्कसाठी एक तंत्र शोधलं, पेटंट घेतलं आणि पुढे वाय-फाय बनवणाऱ्या कंपन्यांकडून रॉयल्टीही वसूल केली. म्हणजे सगळं फुकटच वाटावं असा काही नियम नाही.

शिवाय वजन-मापांची प्रमाणं सांभाळणं, वर्षानुवर्षं हवामानाच्या नोंदी ठेवणं ही कंटाळवाणी कामं आहेतच. त्यात नफा नाही, पण त्यांच्याशिवाय बाकीच्यांचं पान हलत नाही. अडचण एकच: शोध लागतो, आणि कारखान्यापर्यंत पोचायच्या आधीच फायलीत अडकतो.