कसूर, कसर आणि मक्तेदाराचा करार

सावद्याच्या एका दादांनी विचारलंय. केळीच्या रायपनिंग चेंबरच्या (केळी पिकवायच्या थंड खोलीच्या) मेंटेनन्सचा मक्ता द्यायचाय, करार मराठीत हवाय, ड्राफ्टमध्ये 'सेवा देण्यात कसर झाल्यास' असं आलंय, भाचा म्हणतो 'कसूर' लिहा, आणि मोबाईलवरच्या भाषांतराने डिफॉल्टला 'पूर्वनिर्धारित' दिलंय. यातलं बरोबर कोणतं, आणि कसूर तो की ती?

दादा, भाचा बरोबर आहे. 'पूर्वनिर्धारित' आजच खोडा, तो कंप्युटरच्या सेटिंगमधला डिफॉल्ट, कराराशी त्याचा काही संबंध नाही, आणि तरी 'मक्तेदार पूर्वनिर्धारित झाल्यास' असली वाक्यं स्टॅम्पपेपरवर येतात आणि लोक खाली सह्या करतात, याची मला मनापासून चीड येते. रेमेडीचं, म्हणजे करार मोडल्यावर कायद्याने जे मागता येतं त्याचं, 'उपचार' पण तसलंच. 'उपाय' चालेल, मला स्वतःला 'दाद' आवडतो, फारसीत दाद म्हणजे न्याय, आणि दाद मागणं हे आपल्याकडे शेतावरच्या माणसालाही कळतं.

आता कसूर आणि कसर. दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आले, देवनागरीत सख्खे भाऊ वाटतात पण गोत्रं वेगळी. कसूरमधला क घशातला, स जड, धातूचा अर्थ आखूड होणं, कमी पडणं. प्रवासात चार रकातींच्या (नमाजाच्या आवर्तनांच्या) जागी दोनच पढतात त्या आखूड नमाजाला कस्र म्हणतात, तो याच धातूचा, आणि जुन्या कागदांतली 'तकसीर माफ व्हावी' मधली तकसीर पण याच घरची. म्हणजे कसूर म्हणजे माणूस कमी पडला, जेवढ्याला बांधला होता तेवढ्यापर्यंत पोचला नाही. कसर मात्र साध्या क-स ची आणि तिच्या धातूचा अर्थ मोडणं. अरबी गणितात अपूर्णांकाला कस्रच म्हणतात, अख्ख्याचा मोडलेला तुकडा. म्हणून ताप उतरला तरी अंगात कसर राहते, म्हणून काटकसर, म्हणून गुजराती व्यापाऱ्यांच्या वह्यांत 'कसर वटाव' असं सूट-तुटीचं वेगळं खातंच असतं. (पुस्तकाला लागते ती कसर म्हणजे कीड, तिला इथे आणू नका.)

आणि गंमत बघा, इंग्रजी कायदा करारभंगाला ब्रीच म्हणतो म्हणजे मोडणंच, तर मोडलेला तुकडा तो कसर आणि तो परत भरायचा म्हणजे कसर भरून काढणं! भारतीय करार कायदा 1872 चं करारभंगाच्या भरपाईचं कलम 73 अख्खं या तीन शब्दांत बसतं. कसूर मक्तेदाराची, कसर तुमची. एकाच्या जागी दुसरा लिहिला की कोणी चुकला आणि कोणाचं गेलं हे दोन्ही एकात कालवलं जातं. (तुमचा तो की ती, मी 'ती' म्हणतो, 'तो' म्हणणारेही भरपूर आहेत, 'कसूर केल्यास' लिहिलं की प्रश्नच मिटला.)

तुम्ही ठेका न म्हणता मक्ता म्हणालात त्याचा मला फार आनंद झाला. पुण्याकडे मक्तेदारी म्हणजे मोनोपॉली एवढंच उरलंय, आपल्या जळगाव-भुसावळच्या पेपरांत अजून गटारीचा, रस्त्याचा, कचऱ्याचा मक्तेदार असतो, अहिराणीत 'मक्ता कोनी लिधा?' असं सरळ विचारतात. याचा धातू कापणं, तोडणं. गझलेचा शेवटचा शेर मक्ता, सुलतानी काळात सरदारांना तोडून दिलेल्या मुलखाची इक्ता, आणि शाळेत गिरवायचो तो कित्ता सुद्धा, सगळे त्याच कापण्यातून आलेले. मक्ता म्हणजे रक्कम एकदाच ठोक तोडून ठरवलेलं काम. आणि माझं ठाम मत असंय की आपल्या लोकांची दंडाबद्दलची समजूत याच शब्दाने घडवली, रक्कम एकदा तोडली की तुटली, मग 'उशीर झाल्यास रोज पाच हजार दंड' असं लिहिलं की तेही तोडलेलेच, मिळालेच म्हणून समजा. काही मित्रांना ही ओढाताण वाटते, पण त्यांनी मक्त्याचे करार वाचावेत, मग बोलावं.

कारण कायदा असं मानत नाही. त्याच करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात रक्कम लिहिली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देणार, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास, 1963, सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, आणि 2015 च्या कैलाश नाथच्या निकालात स्पष्ट केलं की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावंच लागतं. म्हणून सरकारी परिभाषेवाले इथे 'शास्ती' लिहा म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही. शास्ती म्हणजे शिक्षा. घरपट्टी थकली तर महापालिका शास्ती लावते, तिथे तिला कायद्याचं बळ आहे, दोन व्यापाऱ्यांनी एकमेकांना शिक्षा करायचा अधिकार कुठून आणला? कलमात पेनल्टी शब्द आहे असं ते लगेच दाखवतील, आहे, पण कलम त्या पेनल्टीला वाजवी भरपाईवरच आणून ठेवतं, हे ते वाचत नाहीत.

अजून एक, तुमच्या चेंबरच्या कामाचं. कलम 73 दूरचं, आडवळणाचं नुकसान देत नाही, जे नेहमीच्या ओघात होतं किंवा करार करताना दोघांना माहीत होतं तेवढंच. हा विचार इंग्लंडच्या 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल खटल्यातला, पिठाच्या गिरणीचा तुटलेला दांडा पोचवायला वाहतूकवाल्याने उशीर केला, गिरणी बंद राहिली, पण बुडालेला नफा मालकाला मिळाला नाही, कारण दांड्यावाचून गिरणी बंद पडेल हे वाहतूकवाल्याला माहीत होतं असं कोर्टाने धरलं नाही. तेव्हा करारातच लिहा की चेंबरमध्ये केळी 16 ते 18 अंशांत पिकवली जाते आणि कूलिंग बंद पडलं तर भरलेला माल खराब होतो. मग मक्तेदाराला 'मला काय माहीत' म्हणता येणार नाही.

दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च वसूल करायची सोय विशिष्ट अनुतोष कायदा 1963 (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) च्या कलम 20 मध्ये 2018 च्या दुरुस्तीने आली, पण त्यात किमान 30 दिवसांची लेखी नोटीस आहे, आणि तीस दिवस केळी थांबत नाही. त्या कलमात सुरुवातीलाच पक्षांनी वेगळं ठरवलं असेल तर ते सोडून असं म्हटलंय, म्हणून तासांची मुदत करारात स्वतः घाला आणि या एका मुद्द्यावर वकिलाला नीट विचारा. वाक्य साधारण असं करा: 'मक्तेदाराने सेवा देण्यात कसूर केल्यास व लेखी सूचना मिळाल्यापासून इतक्या तासांत दुरुस्ती न केल्यास, मालकास ते काम मक्तेदाराच्या जोखमीवर व खर्चाने दुसऱ्याकडून करून घेता येईल आणि त्यामुळे पडलेली कसर मक्तेदाराने भरून द्यावी.' वकील 'कसर' वर अडला तर तिथे 'नुकसान' लिहू द्या, पण 'दंड' लिहू देऊ नका.