शब्द विसरतात, की कार्डं चुकतात?

प्रश्न : जर्मनची ए-२ पातळी पूर्ण केली आहे. सहा महिन्यांनी पुढच्या, बी-१ पातळीची परीक्षा आहे. अँकीत (शब्दांची कार्डं ठरावीक अंतराने उजळणीला आणणारं ॲप) रोज ४० नवे शब्द घेते. ९०० शब्द झाले, पण ६०० कार्डांची उजळणी थकली आहे आणि काही शब्द कितीही वेळा पाहिले तरी आठवत नाहीत. भाषेतल्या करिअरचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : एवढ्यावरून करिअरचा निकाल लावू नकोस. आधी हिशेब बघ. रोज जितकी नवी कार्डं घेशील, त्याच्या सात ते दहा पट उजळणी काही आठवड्यांत रोज समोर येऊ लागते. ४० नव्यांमागे ती तीनशे-चारशेवर जाते. कॉलेज सांभाळून हे कोणाला झेपणार? आजपासून नवी कार्डं शून्यावर आण आणि थकबाकी रोज अर्धा-पाऊण तास बसून फेड. ती संपली की रोज १२ नवी घे. बी-१ची परीक्षा घेणाऱ्या गटे संस्थेच्या यादीत सुमारे २४०० शब्द आहेत. तुझे उरलेले दीड हजार सव्वाशे दिवसांत होतील.

दुसरी शंका उत्तर पाहिल्यावर दाबायच्या बटणांची. शब्द आठवला नाही तर 'अगेन'च (पुन्हा) दाबायचं. बरेच जण लाजेकाजेस्तव 'हार्ड' दाबतात. 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण कष्टाने. विसरलेल्या शब्दावर ते दाबलं की अँकी तो येतो असं धरून त्याला पुढची तारीख देते, आणि तोवर तो पार पुसला जातो.

आता हट्टी शब्द. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अँकी 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण करते. ती कार्डं उघडून बघ, बहुतेक जुळी भावंडं सापडतील : फेरशीबन (पुढे ढकलणे), फेरश्राइबन (औषध लिहून देणे), फेरश्वाइगन (लपवून ठेवणे). तिन्ही एकदम शिकलीस तर ती एकमेकांना खातात. एकच चालू ठेव, बाकीची दोन सस्पेंड कर, म्हणजे तात्पुरती बाजूला ठेव. तीनेक आठवड्यांनी एकेक परत आण. तेव्हा नुसता शब्द नको, छोटं वाक्य घाल : 'डेअर आर्त्झ्ट फेरश्राइब्ट मिअर टाब्लेटन' (डॉक्टर मला गोळ्या लिहून देतात). डॉक्टर आणि गोळ्या दिसल्या की 'ढकलणे' मधे येत नाही. मात्र एका कार्डावर एकच प्रश्न. चार अर्थ कोंबलेस तर तीन आठवले की बरोबर धरायचं की चूक, हेच ठरत नाही.

नाम डेअर-डी-डास (लिंग दाखवणारे शब्द : पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी) आणि अनेकवचनासकटच लिही. मराठीतही तीन लिंगं असल्यामुळे आपण नकळत आपलंच लिंग लावतो. तो सूर्य जर्मनमध्ये 'डी झोनं', म्हणजे ती.

तुझी कार्डं जर्मनकडून मराठीकडे जाणारीच असतील, तर वाचन आणि ऐकणं निभेल, पण लेखन आणि बोलण्याच्या भागांत अडशील. रोज वापरायच्या सहाएकशे शब्दांची उलटी, मराठीकडून जर्मनकडे जाणारी कार्डं कर. तीही नवीच मोजली जातात, म्हणून त्या १२ मध्येच बसव. त्यासाठी यादीतले दुर्मीळ शब्द मागे राहिले तरी चालेल.