मालिकेतलं सहावं पुस्तक आधी वाचलं की असं होतं

प्रतिसाद लांबणार आहे, आधीच सांगते.

नायिकेसाठी जीव पणाला लावणारा नायक अजूनही आवडतो, पण थरारक प्रेमकथांची लागोपाठ तीन पुस्तकं वाचूनही एकदासुद्धा छातीत धडधडलं नाही, माझी आवडच संपली का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता म्हटलंय की तिन्ही एकाच मालिकेतली, हाताला लागली तशी वाचली. माझ्या मते दुखणं त्या शेवटच्या ओळीत आहे. आवड शाबूत आहे तुमची.

मी हेच केलं होतं आणि ते अजून सलतं. सुझान ब्रॉकमनची 'ट्रबलशूटर्स' मालिका. पहिलं पुस्तक २००० सालचं. नेव्ही सील या अमेरिकी नौदलाच्या खास तुकडीतला सॅम स्टॅरेट आणि अलिसा लॉक यांची गोष्ट सुरुवातीच्या पुस्तकांमध्ये दुसऱ्याच जोड्यांच्या कथांच्या कडेकडेने चालते. भांडतात, जवळ येतात, दुरावतात. त्यांचं स्वतःचं पुस्तक येतं थेट सहावं, 'गॉन टू फार', २००३ मध्ये. मी ते सगळ्यात आधी वाचलं. एका रात्रीत संपवलं, आवडलंही. मग उत्साहाने मागे गेले आणि सगळं फिकं. आधीच्या पुस्तकात अलिसा त्याला दूर लोटते, तेव्हा पोटात खड्डा पडायला हवा होता. मी पान उलटलं आणि पुढे गेले. दोघांचं काय होणार हे ठाऊकच होतं. पाच पुस्तकं वाट बघायला लावायची आणि मग देऊन टाकायचं, हा लेखिकेचा सगळा घाट होता. ती वाट बघणं मला पुन्हा कधीच मिळणार नाही.

आणि हे टळलं असतं. मी तेव्हा ज्या वाचनालयात जायचे तिथे या कादंबऱ्या एका फिरत्या रॅकवर कोंबलेल्या असायच्या. बाकी पुस्तकांची नोंद लेखकाच्या नावाने, यांची नुसती संख्या. मालिकेतलं पहिलं कुठलं, असं मी काउंटरवर विचारलं होतं. नीट, दोनदा विचारलं होतं. उत्तर मिळालं, "प्रेमकथाच आहेत ना, कुठूनही सुरू करा." पुस्तक उघडून पाहायचे कष्टही घेतले नाहीत. त्याच बाईंनी माझ्या पुढच्या माणसाला त्याच्या गुप्तहेर मालिकेचा पहिला भाग आतल्या कपाटातून शोधून आणून दिला होता. हा दुजाभाव मला तेव्हाही कळला होता, तरी मी गप्प बसून समोर दिसलं ते उचललं. तिथे अडून बसायला हवं होतं.

असो. मी समीक्षक नाही, फक्त खूप वर्षं हेच वाचत आलेय, त्यामुळे पुढचं माझं मत म्हणून घ्या.

रक्षण करणारा नायक कुठे भावतो आणि कुठे गुदमरवतो, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. धोका कळल्यावर तो तिला सांगतो का? हॉटेलात दाराकडे तोंड करून बसणारा, मागचा दरवाजा कुठे आहे ते तिला दाखवणारा, गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवून "मी दहा मिनिटांत आलो नाही तर निघ" म्हणणारा नायक आला की मी खुशाल विरघळते. "तुझ्या भल्यासाठीच लपवलं" म्हणणारा आला की पुस्तक मिटते. जे. डी. रॉब या नावाने नोरा रॉबर्ट्स १९९५ पासून लिहितेय त्या मालिकेत नायिका स्वतःच खुनांचा तपास करणारी पोलीस अधिकारी आहे. नायक रोर्कला तिची काळजी जाळत असते, तरी ती कामावर जाणारच, हे त्याला गिळावं लागतं. मला ते गिळणंच जास्त आवडतं. (तीही मालिका पहिल्यापासूनच वाचा. गुन्हा दर पुस्तकात सुटतो, पण नातं पुढे सरकत जातं.)

दुसरं म्हणजे, आजच्या बहुतेक पुस्तकांत आलटून पालटून दोघांच्याही मनात शिरता येतं. त्यामुळे नायक भला आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं, आणि भीती उरते ती फक्त बाहेरच्या खुन्याची. मेरी स्ट्यूअर्टचं १९५८ चं 'नाइन कोचेस वेटिंग' मिळालं तर घ्या. सगळं नायिकेच्याच तोंडून. एका लहान मुलाच्या जिवावर कुणीतरी उठलंय, त्याला जपायची वेळ तिच्यावर येते, आणि ज्याच्यावर जीव जडलाय तोही त्यात सामील असेल का, हे तिला कळत नाही. आपल्यालाही नाही. स्वतंत्र कादंबरी आहे, आधीचं काही वाचायची गरज नाही. तुमचा हा कंटाळा घालवायला मी आधी हेच देईन. मात्र संथ आहे, वर्णनं भरपूर आहेत, सगळ्यांना पचेलच असं नाही.

क्रम शोधताना मुखपृष्ठावर जाऊ नका. जुनी पुस्तकं नवं कव्हर लावून पुन्हा येतात, दोन जुन्या कादंबऱ्या एकत्र बांधूनही येतात, आणि आपण तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी आणतो. आतल्या कॉपीराइटच्या पानावर मूळ साल असतं, ते बघा. लेखिकेच्या संकेतस्थळावर क्रमवार यादी असेल तर त्याहून उत्तम, कारण मधल्या लघुकादंबऱ्या तिथेच सापडतात.

तुमच्या तीन पुस्तकांची नावं इथे लिहा. त्यातल्या कुठल्या जोडीची गोष्ट अजून फुटलेली नाही ते सांगते, म्हणजे निदान तिथून तरी क्रमाने धरता येईल. आणि तोवर चौथं उघडू नका.