समीक्षकाचे नऊ, खेळणाऱ्यांचे तीन

प्रश्न : नव्या गेमला समीक्षक दहापैकी नऊ गुण देतात, खेळणारे तीन. ‘समीक्षक पैसे खातात’ असं सर्रास बोललं जातं. खरं काय?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : संशयाला कारण आहे. 2007 साली ‘गेमस्पॉट’ने जेफ गर्स्टमन या समीक्षकाला काढलं, तेव्हा त्याने कमी गुण दिलेल्या ‘केन अँड लिंच’ या गेमच्याच जाहिराती त्या साइटवर झळकत होत्या. तरी दरवेळी लाचच शोधू नका. समीक्षकाला कोड (गेम उतरवून सुरू करण्याची किल्ली) विक्रीआधी, फुकट मिळतो आणि ठरलेल्या वेळेपर्यंत गप्प राहायची अट असते. ‘सायबरपंक 2077’च्या वेळी (डिसेंबर 2020) आधी फक्त पीसीचे कोड दिले. गुण उत्तम पडले. सोनीच्या जुन्या पीएस4 (प्लेस्टेशन 4) या गेम-मशीनवर मात्र तोच गेम इतका अडखळला, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. म्हणून गुण पाहण्याआधी ‘कोणत्या मशीनवर खेळला’ ही ओळ शोधा. ती नसेल तर समीक्षकाला तेवढंच विचारा. शिवीगाळ करून उत्तर मिळत नाही, आणि ती करणं चूकच आहे.

खेळणाऱ्यांचे गुणही पारखूनच घ्या. जून 2020 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’वर पहिल्याच दिवशी शून्यांचा पाऊस पडला, वीसेक तासांचा गेम तेवढ्यात संपवणार कोण? पुढे मेटाक्रिटिकने (सगळ्यांचे गुण एकत्र दाखवणारी साइट) पहिले 36 तास खेळणाऱ्यांचे गुण घेणं बंद केलं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक मतापाशी खेळलेले तास दिसतात. दहाच्या वरचे वाचा. राग कथेवर आहे, किमतीवर, की गेम बंद पडतो म्हणून? यातलं शेवटचं कारण सर्वांत आधी बघा.

प्रश्न : स्टीमवर न आवडलेला गेम परत करता येतो ना? आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेट, दोन्हींचा भरवसा नसतो.
– एक वाचक, देवगड

उत्तर : येतो. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत, आणि खेळ 2 तासांपेक्षा कमी झालेला असेल तर. 80 जीबीचा गेम 20 एमबीपीएसवर उतरायला साधारण 9 तास लागतात, पण स्टीमचं डाउनलोड खेळण्याच्या वेळेत धरत नाहीत. वीज गेली तरी ते पुढे चालू होतं. फसगत होते ती दुसरीकडे : काही गेम सुरू केल्यावर उरलेला भाग आतून उतरवतात, जसा 2020 चा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’. तो वेळ मात्र मोजला जातो. असा गेम रात्रभर चालू ठेवून झोपू नका.