ट्रॅक्टरच्या हेडवरच्या एल्बोतून कूलंट गळतोय, कितीही आवळला तरी थांबत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, बसलेल्या पितळी एल्बोपाशी (वाकड्या जोडनळीपाशी) कूलंट झिरपतो, क्लिप नवी टाकली, एल्बो आवळला, टेफलॉन टेपही गुंडाळली, तरी गळती तशीच, आणि ट्रॅक्टर आठ दिवसांत उसाच्या फडावर न्यायचाय. तर सगळ्यात आधी पाना खाली ठेवा. निमुळत्या आट्यांचा एल्बो पाचरीसारखा काम करतो. जास्त आवळला की भोकाभोवतीचं बीड तडकतं, आणि मग वायसर-टेपचं काम हेड उतरवण्यावर जातं.

गळती नेमकी कुठून आहे ते पक्कं करा. थेंब जिथं पडतो तिथंच तो उगम पावतो असं नसतं. इंजिन गार असताना एल्बो आणि पाईप कोरडा पुसून त्यावर खडूची पूड लावा, मग चालू करून बॅटरीच्या उजेडात बघा. पुडीवर पहिली ओल पाईपाच्या तोंडाशी दिसली तर दोष पाईप-क्लिपचा, एल्बोच्या बुडाशी दिसली तर आट्यांचा. जवळच वॉटर पंप असेल तर त्याच्या शाफ्टखालचं बारीक भोकही तपासा. तिथून थेंब येत असेल तर पंपाचं सील गेलंय, एल्बोला उगाच दोष देऊ नका. आणि गळती फक्त पहाटे, गार इंजिनावरच होत असेल तर बहुधा क्लिपच. थंडीत रबर आकसतं, पकड ढिली पडते.

पाईपाचं काम सोपं. तोंड कडक झालं असेल तर इंचभर कापून टाका. एल्बोच्या नळीवर खड्डे पडले असतील तर नवी क्लिपही काही करू शकत नाही. बारीक पॉलिश पेपरनं घासा, खड्डे खोल असतील तर एल्बोच बदला. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे, पाईपाच्या तोंडापासून ४-५ मिलिमीटर आत बसवा.

आट्यांतून गळत असेल तर एल्बो काढावाच लागेल. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. खालच्या कॉकमधून पातळी एल्बोच्या खाली येईपर्यंतच कूलंट काढा आणि तो झाकणाच्या कॅनमध्ये भरा. तो चवीला गोड आणि विषारी असतो. अंगणात उघडी बादली राहिली तर कुत्रं किंवा वासरू तोंड घालणारच.

एल्बो हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. निघाल्यावर आटे बघा. वायसर किंवा ओ-रिंग बसायला सपाट कॉलर असेल आणि नवा एल्बो नुसत्या हातानं कॉलरपर्यंत जात असेल, तर आटे सरळ आहेत. तिथं टेपचा काहीच उपयोग नाही, कारण पाणी अडवतो तो वायसर. तुमची टेप बहुधा म्हणूनच फुकट गेली. नवा तांब्याचा वायसर टाका. जुनाच वापरायचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, म्हणजे तो मऊ होतो आणि पुन्हा दबतो. उलट, ३-४ आट्यांनंतर हातानं फिरेनासा झाला तर आटे निमुळते. तिथं टेप चालते, पण आट्यांचं पेस्ट सीलंट जास्त भरवशाचं.

हेडमधले आटे त्याच मापाच्या टॅपनं (आटे पाडायच्या हत्यारानं) साफ करा; टॅपला ग्रीस लावलं की कचरा त्याला चिकटतो, आत पडत नाही. रॉकेल-पेट्रोलच्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा. ओल्या-तेलकट आट्यांवर सीलंट धरत नाही. पहिले एक-दोन आटे मोकळे सोडून मग लावा, नाहीतर तुकडे थर्मोस्टॅटपर्यंत वाहतात. टेप असेल तर आट्यांच्या टोकाकडून बघत घड्याळाच्या दिशेनं २-३ फेरे. निमुळता एल्बो हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं दीड ते दोन फेरे पुरतात. आता बहुतेक जण चुकतात ते इथं: एल्बोचं तोंड पाईपाच्या पुढं गेलं म्हणून तो मागे फिरवतात. मागे फिरवला की सील तुटलं. पुढं फिरवूनच दिशेवर आणा, जमत नसेल तर काढून नव्यानं सीलंट लावा. डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्या.

आतले आटेच खचले असतील तर बाहेरून एम-सील थापू नका. इंजिन तापून-गार होऊन, दाबाखाली ते लवकरच सुटतं. लेथवाल्याकडून मोठे आटे पाडून बुश बसवून घ्या.

भरताना बोअरचं पाणी नको. लातूर-बीडकडच्या जड पाण्याचे क्षार तापल्यावर आत थर धरतात. कॅनवरच्या प्रमाणात कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घ्या. ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका. झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, थर्मोस्टॅट उघडून वरचा पाईप गरम होईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन हळू चालवा, मग झाकण लावा. गार झाल्यावर पातळी आणि क्लिप पुन्हा बघा.

गळती कमी व्हावी म्हणून झाकण ढिलं ठेवून गाडी ओढायचा सल्ला फडावर कोणीतरी देईलच. ऐकू नका. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. दाब गेला की १०० वरच उकळतं, तेही नेमकं भरल्या ट्रॉल्या चढावर असताना.