ऐकलं तेवढंच लिही

पोरी,

तुझा मेसेज सकाळी वाचला. रात्री पावणेदोनला पाठवलायस, म्हणजे झोप नाही आणि डोक्यात नुसता भुगा. हॅम रेडिओच्या कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांत जगभरची जास्तीत जास्त स्टेशनं गाठायची त्या स्पर्धेत, निकालात तुझा स्कोअर कापला, त्यावरून ग्रुपवर टोमणे झाले, आणि आता ते आपल्या हॅमच्या संस्थेच्या कमिटीविरुद्धचं पत्र, ज्याच्यावर सही कर, नको करू म्हणून दोन्हीकडनं तुला ओढायला लागलेत. तुला या तीन वेगवेगळ्या कटकटी वाटतायत. मला तिन्ही एकच वाटतात, आणि ती एकच गोष्ट मी आज तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

धीर-बिर देत बसणार नाही. जी पोरगी भर उन्हात टेरेसवर चढून एकटीनं डायपोल अँटेना बांधते, लायसन्स हातात पडेपर्यंत दम धरते, तिला 'तू करशील गं' म्हणून पाठ थोपटायची काय गरज.

आधी स्कोअरचं बघू. तू पाठवलेला लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, तपासल्याचा रिपोर्ट ओळ न् ओळ वाचला. तुझे गेलेले बरेचसे क्यूएसओ, म्हणजे संपर्क, झोनमध्ये गेलेत. जगाचे झोन पाडलेत, समोरचा सिग्नलचा रिपोर्ट आणि आपल्या झोनचा नंबर सांगतो, तो बरोबर उतरवायचा. तो रशियन 'फाईव्ह नाईन सिक्स्टीन' म्हणाला, म्हणजे झोन १६, आणि तुझ्या लॉगमध्ये १७ आहे. आता खरं सांग, ते १७ तू लिहिलंस का? नाही. सॉफ्टवेअरनं कॉलवरनं, म्हणजे त्या स्टेशनच्या ओळखीच्या कॉलसाइनवरनं, अंदाजानं भरलं आणि तू एंटर मारलास. रशिया केवढा पसरलाय, कुठला कॉल कुठल्या झोनमधनं बोलतोय हे कॉम्प्युटरला काय माहीत, पण तो माणूस तुझ्या कानात सांगत होता की! आणि जिथं कॉलच चुकलाय तिथं तर क्यूएसओ गेलाच, वर त्याच्या दुप्पट पॉइंट दंड. युरोपचा एक क्यूएसओ आपल्याला तीन पॉइंटचा, म्हणजे एका चुकीच्या अक्षरात किती गेले ते तूच मोज. जपानचे एक-एक पॉइंटचे मिळवून ते भरून काढायला घाम फुटतो.

तर त्यावर त्या सीनियर हॅमनी तुला काय शहाणपण शिकवलं? कॉन्टेस्ट संपला की लॉग पाठवायला पाच दिवस असतात, तेवढ्यात नेटवरच्या डेटाबेसवर एकेक कॉल ताडून घ्यायचा आणि मग अपलोड करायचं, सगळेच करतात. अगं, सीक्यू वर्ल्ड वाइडच्या, म्हणजे याच कॉन्टेस्टच्या, नियमांत स्वच्छ लिहिलंय की कॉन्टेस्ट संपल्यावर डेटाबेस बघून, रेकॉर्डिंग ऐकून, ईमेल करून, कशानंही कॉल किंवा एक्स्चेंज (रिपोर्ट आणि झोन) दुरुस्त करायचा नाही. आणि नियम नसता तरी मी हेच म्हणालो असतो. सोमवारी पहाटे साडेपाचला कॉन्टेस्ट संपतो ना, तिथं तुझं लिहिणं पण संपलं. कानानं ऐकलं तेवढंच लॉगमध्ये. बाकीचं तुझं नाहीच.

तू लगेच म्हणशील, मग काका, सगळ्यांना फाईव्ह नाईन, म्हणजे सिग्नल एकदम उत्तम असा रिपोर्ट, देतो ते काय? समोरचा धड ऐकू येत नाही, तीनदा रिपीट मागायचा आणि वर ठणठणीत रिपोर्ट द्यायचा? मला हा प्रश्न दर वर्षी कोणतरी विचारतंच. तो रिवाज आहे, देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, त्यात कुणी कुणाला फसवत नाही. कॉल आणि झोन मात्र खरा माल आहे. तिथं रिवाज नाही चालत.

क्लस्टरचं, म्हणजे कोण कुठं ऐकू येतंय ते हॅम एकमेकांना सांगतात त्या नेटवरच्या यादीचं, पण तेच. कुणीतरी कुठंतरी घाईत चुकीचा कॉल तिथं टाकतो, म्हणजे स्पॉट करतो, आणि पुढच्या दहा मिनिटांत शंभर जण तोच चुकीचा कॉल लॉगमध्ये घालतात, कारण स्क्रीनवर दिसतोय तर कशाला ऐकायचं. असिस्टेड, म्हणजे अशी मदत घ्यायच्या, कॅटेगरीत क्लस्टर बघायला बंदी नाही, बघ की. पण स्क्रीनवर दिसला म्हणजे ऐकला असं नाही. त्यानं स्वतःचा कॉल स्वतः बोलेपर्यंत थांबायचं आणि मग लिहायचं. चार सेकंद जातात गं, काय मोठं.

माझी एक गोष्ट सांगतो, ग्रुपवर लोक अजून त्याच्यावरनं माझी खेचतात. नोव्हेंबरची सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सवरचा कॉन्टेस्ट, चाळीस मीटरचा बँड, आपल्याकडं उजाडायला लागलेलं आणि युरोपात अजून मिट्ट काळोख, म्हणजे ते स्टेशन ऐकू यायची नेमकी वेळ. एकदम बारीक सिग्नल, बहुतेक क्यूआरपी, पाच वॅटवाला. कॉल सगळा मिळाला, शेवटचं अक्षर सोडून. तीन टिंबं की चार, एस की एच. सॉफ्टवेअर खाली एस वाला कॉल दाखवतंय, त्याच्या यादीत एच वाला नाहीच. मी 'अगेन' मागितलं, त्यानं दिलं, फेडिंग. परत मागितलं, परत दिलं, आणि नेमकं शेवटच्या अक्षरावर कुणीतरी येऊन बसलं. मग तो गेलाच. मी ती ओळ पुसून टाकली. एस लिहिलं असतं तर बहुतेक बरोबर आलं असतं असं मित्र म्हणतात, शिवाय नवा मल्टिप्लायर, म्हणजे स्कोअर गुणाकारानं वाढवणारा देश किंवा झोन, होता म्हणून जास्तच कळकळीनं म्हणतात. असेल. पण मी एस ऐकलंच नव्हतं. यादीत वाचलं होतं.

आडमुठा म्हण. सगळे म्हणतात.

तुझ्याकडं गोंगाट फार आहे ते मला मान्य. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार म्हणजे बऱ्याचदा दिवाळीच्या आगेमागे, पेठेत गल्लीभर एलईडीच्या माळा, एकेका अॅडॉप्टरचा चाळीस मीटरवर करवतीसारखा आवाज, एस मीटर, सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, नुसता वर चिकटून बसतो. त्यावर उपाय लॉगमध्ये नाही, घरात आहे. मेन स्विच बंद करून रिग, म्हणजे रेडिओ, बॅटरीवर लाव आणि ऐक. आवाज गेला तर चोर तुमच्याच घरात, मग एकेक एमसीबी वर करत जा. तुझ्या शॅकमधल्या, म्हणजे रेडिओच्या खोलीतल्या, ट्यूबलाइटवर माझा संशय आहे. शेजाऱ्यांच्या माळेचं मात्र काही होत नाही, लाडू घेऊन जा आणि गोड बोलून अॅडॉप्टर बदलून घे. आणि कोॲक्स म्हणजे रेडिओकडं येणारी केबल जिथं अँटेनाच्या बालनला जोडलीय तिथं तू नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलीयस, ते मी फोटोत बघितलं. कोल्हापूरचा पाऊस एका सीझनला ती टेप सोडवतो, पाणी जाळीतनं खालपर्यंत उतरतं, आणि मग एसडब्ल्यूआर, अँटेना किती जुळलीय तो आकडा, रोज वेगळा दाखवतो म्हणून मला फोन करशील. सेल्फ अमाल्गमेटिंग टेप आण, ती गुंडाळली की एकजीव होते.

घरचे विचारतात ना, अठ्ठेचाळीस तास नंबर लिहून मिळतं काय? २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांची टीम अंदमानला गेली होती, कॉल व्हीयूफोरआरबीआय. तिथनं कुणी वर्षानुवर्षं ऑन एअर आलेलं नव्हतं, जगभरचे हॅम तुटून पडलेले. पाइलअप, म्हणजे एकाच वेळी ढीगभर जण हाका मारणारे, नुसते कॉल, फाईव्ह नाईन, थँक यू. आणि २६ तारखेला सुनामी आली. कालपर्यंत क्यूएसएल कार्डासाठी, म्हणजे संपर्काच्या पोचपावतीसाठी, चाललेलं स्टेशन पोर्ट ब्लेअरहून कोण जिवंत आहे, कोण कुठं आहे याचे निरोप द्यायला लागलं. हजार आवाजांतनं एक कॉल अचूक उचलायची सवय त्या दिवशी कामाला आली. तिथं नाव 'बहुतेक हेच असेल' म्हणून लिहिलं असतं तर? विचार कर. ऐकलं तेवढंच लिहायचं हे मी पॉइंटांसाठी सांगत नाही तुला.

आता ते पत्र.

तू विचारतेस कुठल्या बाजूला जाऊ. कोल्हापुरात वाढलेल्या पोरीला मी काय गटबाजी शिकवायची, तालमींच्या फुटबॉलमध्ये जन्मल्यापासनं माणसाची बाजू ठरलेली असते तसंच आमच्यातल्या काही जणांचं आहे, मॅच बघायच्या आधीच पंच चोर. तुला पाठवलेल्या त्या पत्रात लिहिलंय की फंडात घोळ आहे. तू हिशोब बघितलास? नाही. निवडणुकीच्या मतपत्रिका मुद्दाम उशिरा टाकल्या म्हणे. तुला आलेल्या पाकिटावरचा शिक्का बघितलास? तू मेंबर होऊन किती दिवस झाले, तुला मतपत्रिका आलीच नसेल. मग सही कशाची करतेस? आणि कमिटीवाले फोन करून सांगतायत की पत्र लिहिणाऱ्यांना फक्त खुर्ची पाहिजे. ते तरी तू ऐकलंयस का त्यांच्या तोंडनं? दोन्हीकडचे तुला क्लस्टरवरचा स्पॉट दाखवतायत.

मी ज्या कमिटीत होतो, नाव घेत नाही, तिथं एकदा मीटिंगची मिनिट्स सहीला आली. त्यात एक ठराव होता, सर्वानुमते मंजूर म्हणून. मी त्या मीटिंगला पहिल्यापासनं शेवटपर्यंत बसलेलो, असा ठराव कुणी मांडलेला मी ऐकला नव्हता. म्हणाले जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांशी बोलून ठरलंय, तुम्हाला सांगायचं राहिलं, एवढं काय मनावर घेता, सही करा. ठराव चांगला होता, हेही सांगतो. क्यूएसएल ब्यूरोचं, म्हणजे ती कार्डं वाटायच्या केंद्राचं, साठलेलं काम मार्गी लावायचा होता, कार्डं वर्षानुवर्षं पोत्यात पडलेली होती, मलाच ते पाहिजे होतं. तरी सही केली नाही. पुढच्या निवडणुकीत माझं नाव पॅनेलमधनं गेलं, आणि 'काम अडवणारा माणूस' हे बिरूद चिकटलं ते चिकटलंच. कार्डं मी अडवली नव्हती. पुढच्या मीटिंगमध्ये रीतसर मांडून पंधरा मिनिटांत मंजूर करता आलं असतं, मी तसं लेखी दिलं होतं, ती प्रत आजही माझ्याकडं आहे, तुला पाहिजे तर दाखवतो. बघ, मी परत तिथंच चाललो. तुझी काकू म्हणते हा विषय निघाला की तुमची कॅसेट सुरू होते.

मला दुःख त्या पॅनेलचं नाही. दुःख हे की तो काळ २०००-०१ चा होता, सूर्यावरच्या डागांचं चक्र शिखरावर होतं, दहा मीटरवर दहा-वीस वॅटमध्ये दिवसभर जग ऐकू यायचं, आणि मी दुकानातनं घरी येऊन संस्थेच्या घटनादुरुस्तीचे मसुदे खरडत होतो. बारा-तेरा वर्षांनी ते परत आलं, पण पुढचं शिखर कमी उंचीचं निघालं. आत्ताचं चांगलं होतं, २०२४ च्या ऑक्टोबरात नासावाल्यांनी सांगितलं की शिखर गाठलंय. म्हणजे आता उतार. तुझ्या हातात अजून थोडी वर्षं आहेत दहा आणि पंधरा मीटरची. ती तू कुणाच्या पत्रावर सही करू आणि कुणाच्या नको यात घालवणार असशील तर मला राग येईल, आत्ताच यायला लागलाय.

पण म्हणून संस्थाच नको असं म्हणू नकोस, ते तर आणखीनच पोरकट. आयएआरयू, म्हणजे हॅम संस्थांची जागतिक संघटना, एका देशातनं एकच संस्था घेते, आपल्याकडनं एआरएसआय, अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, आहे. बँड काय आकाशातनं पडत नाहीत. चाळीस मीटरवर ७१०० किलोहर्ट्झच्या वर पूर्वी ब्रॉडकास्टवाले बसायचे, संध्याकाळी तिथं कान लावायची सोय नव्हती. २००३ च्या जिनिव्हातल्या परिषदेत ठरलं की त्यांनी ७२०० पर्यंतचा तुकडा सोडायचा, आणि २००९ च्या मार्चअखेर ते गेले. १०, १८, २४ मेगाहर्ट्झ १९७९ च्या परिषदेनं दिले. हे मिळवायला कुणीतरी वर्षानुवर्षं कागद घेऊन बसलेलं असतं, कंटाळवाणी माणसं, बरीचशी भांडखोर. मेंबर राहा, वर्गणी वेळेवर भर.

आता करायचं ते सांगतो. पत्र पाठवणाऱ्याला फोन कर, टाइप नको करूस, फोन कर, आणि म्हण की मला हिशोबाची प्रत दाखवा, उपविधीतलं कलम दाखवा, मी वाचते. मग कमिटीतल्या माणसाला फोन करून तेच माग. जो चिडेल त्याच्याकडं बहुतेक कागद नाही, पण ते सुद्धा 'बहुतेक'च, एच की एस. वाचून तुला पटलं तर कर सही, मला विचारू नकोस, मी तुझ्या जागी सही केली असती का याच्याशी तुझा काय संबंध. नाही पटलं तर नाही म्हण. दोन्हीकडनं नावं ठेवतील. आणि मध्येच कुणी 'काका कुणाच्या बाजूनं आहेत' असं विचारलं तर सांग, मला माहीत नाही, मी त्यांच्या तोंडनं ऐकलेलं नाही. खरंच आहे ते, मी तुला सांगितलंय कुठं?

मार्चच्या शेवटी डब्ल्यूपीएक्स, हा दुसरा कॉन्टेस्ट, आहे. तिथं झोन नाही, सीरियल नंबर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरला अंदाज करताच येणार नाही, ऐकावंच लागेल. तुला बरं पडेल. त्याआधी एखाद्या रविवारी दुपारी उद्यमनगरात दुकानावर ये, शटर अर्धं खाली असलं तरी आत असतो मी. वायंडिंगची तार मिळेल, टेप तू आण.

आणि रिग विकायचा म्हणालीस त्याबद्दल मुद्दाम काही बोललो नाही. विकायचाच असेल तर ग्रुपवर टाकायच्या आधी मला सांग, तू लिहिलेली किंमत लईच कमी आहे.

७३, म्हणजे आपल्या हॅमच्या भाषेत शुभेच्छा,
काका