दुर्बीण ‘पटीची’ असते का?

इंदूरच्या एका ताईंची पृच्छा आहे. मुलीसाठी दुर्बीण बघायला गेल्या, तर दुकानदार म्हणाला, “ही नव्वद पटीची.” मराठीत दुर्बीण अशी ‘पटीची’ असते का? शिवाय मुलीच्या हिंदी पुस्तकातल्या ‘अभिदृश्यक’, ‘आवर्धन’ वगैरेंना आपल्याकडे काय म्हणतात?

दुसरं आधी सांगतो, ते सोपं आहे. अभिदृश्यक म्हणजे वस्तुभिंग, वस्तूकडच्या टोकाचं भिंग. फोकस दूरी म्हणजे नाभीय अंतर, दुरून आलेले किरण भिंगापासून जितक्या अंतरावर एकवटतात ते. आवर्धन म्हणजे विशालन, वस्तू किती पट मोठी दिसते ते. डोळ्याकडचं भिंग, म्हणजे नेत्रिका, दोन्हीकडे नेत्रिकाच.

‘पटीची’ला व्याकरणाची हरकत नाही, हरकत आहे ती अर्थाची. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागलं की विशालन मिळतं. वस्तुभिंगाचं नाभीय अंतर ९०० मिलिमीटर आणि नेत्रिकेचं २५ असेल तर ३६ पट. तीच नेत्रिका काढून १०ची बसवा, झाली ९० पट. दुर्बीण तीच! तेव्हा पट सांगायची ती भिंगांच्या जोडीची. दुकानदाराने बहुधा डब्यातल्या सगळ्यात लहान नेत्रिकेचा आकडा सांगितला असणार. विकणाऱ्याला तोच सोयीचा.

आणि ही पट कोनाची असते. चंद्र साध्या डोळ्यांना साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, ३६ पटीने तो अठरा अंशांचा दिसेल. क्षेत्रफळाने मोजायला बसलात तर आकडा थेट १२९६वर जाईल.

‘जितकी लांब तितकी जोरदार’ असंही सर्रास म्हणतात. लांबीचा हिशेब मात्र बेरजेचा आहे. दोन्ही भिंगं बहिर्वक्र असली, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ साली सुचवलेली रचना असली, की भिंगांमधलं अंतर दोन्ही नाभीय अंतरांच्या बेरजेइतकं. वरच्या उदाहरणात आधी ९२५, मग ९१० मिलिमीटर. विशालन अडीचपट झालं आणि लांबी दीड सेंटिमीटरने कमीच झाली! गॅलिलिओच्या दुर्बिणीत नेत्रिका अंतर्वक्र, तिथे बेरजेऐवजी वजाबाकी, म्हणून ती आटोपशीर. सतराव्या शतकात हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने तब्बल ४५ मीटरच्या आसपास लांबीची दुर्बीण उभारली, त्यामागे नुसता पटीचा हव्यास नव्हता. एकेरी भिंगातून प्रतिमेला रंगीत कडा येतात, आणि नाभीय अंतर वाढवलं की त्यांचा त्रास कमी होतो.

दोन डोळ्यांनी बघायच्या दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. त्यातला ८ हा विशालनाचा आणि ४२ हा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. तिच्या नेत्रिका सहसा बदलता येत नाहीत, तेव्हा तिला खुशाल ‘आठ पटीची’ म्हणा.